दोघांत मिळून एक काडी

वडिलांचं कार्ड आलं ते दुपारी, मेसमधून परतताना. आमच्या वसतिगृहात जिन्याखाली लाकडी खण आहेत, त्यांत टपाल टाकतात. माझ्या खणात महिन्याला एक कार्ड असतं. वडिलांना लिहिता येत नाही. ते सांगतात आणि आमच्या गावच्या, वडिवळ्याच्या शाळेतले मास्तर लिहितात. त्यामुळे कार्डातली भाषा मास्तरांची असते आणि क्रम वडिलांचा: आधी भात, मग गुरं, मग माणसं. याही वेळी तसंच होतं. भात झोडून झालं, उतारा बरा आहे, तांबड्या गाईला पाडी झाली, आईच्या गुडघ्याला आराम आहे. आणि मग पत्त्याच्या कडेला, जिथं लिहायला जागा उरत नाही तिथं कार्ड आडवं धरून लिहिलेलं, 'वाडीवरला चिंधू गेल्या सोमवारी मयत झाला. तुला माहीत असावे. बाकी क्षेम.'

मी ते जिन्यापाशी उभा राहून दोनदा वाचलं आणि वर्गात गेलो. त्या तासाला कारखान्यातला कच्चा माल किती साठवावा याविषयी शिकवत होते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही आता उघडून पाहिली तर अक्षर नेहमीसारखंच आहे. संध्याकाळी कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. पण माझ्या खोलीच्या आजूबाजूला जे आहेत ते इंजिनिअर आहेत, त्यांतले बरेचसे मोठ्या शहरांतून आलेले, मनानं चांगले. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुमचे कोण? आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. म्हणून सांगितलं नाही. आता पाच-सहा आठवडे होऊन गेले आहेत. मला लिहिण्याची सवय नाही, तरीही हे लिहितो आहे.

चिंधूभाऊ कामशेतच्या अलीकडे भाताच्या बियाण्याचा एक फार्म आहे तिथं रोजंदारीवर होते. आमच्या गावावरच्या डोंगरात दहा-बारा घरांची वाडी आहे, तिथून ते रोज चालत खाली येत. मी शेतकीची पदवी घेतली, आमच्या घरातली पहिलीच, आणि त्या फार्मवर सहायक म्हणून लागलो. वडिलांना वाटलं, मुलगा साहेब झाला. मलाही थोडं तसंच वाटलं असावं. पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला एका छपरीत नेलं आणि जमिनीवर उकिडवे बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्याकडून शिकून घ्या." त्या माणसानं वर पाहिलंच नाही. "पदवी झाली का समदी?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "मंग बसा खाली. हितनं म्होरं पदवी न्हाई."

ते काम असं होतं. आमचा आंबेमोहोर वासाला आणि चवीला उत्तम, पण उंच वाढतो आणि दाणा भरला की लोळतो. बाहेरून बुटक्या जाती आल्या होत्या, त्या ताठ उभ्या राहत, पण त्यांना ना वास ना चव. या दोघांचा संकर करायचा. भाताचं एकेक फूल भाताच्या दाण्याएवढंच. आंबेमोहोराच्या लोंबीतल्या प्रत्येक फुलाचा शेंडा कात्रीनं उडवायचा आणि आतल्या सहा पिवळ्या परागपिशव्या चिमट्यानं अलगद काढून टाकायच्या. चिंधूभाऊ त्यांना 'सा भावंडं' म्हणत. एक जरी राहिलं तरी सगळं फुकट. मग लोंबीला बटरपेपरची पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटक्या जातीची फुलं उमलली की पिशवी काढून त्यांचे पराग या लोंबीवर झटकायचे, पिशवी परत घालायची आणि देठाला लेबल बांधायचं. लेबलावर आधी आईचं, म्हणजे आंबेमोहोराचं नाव, मग पराग देणाऱ्या बापाचं, मग तारीख, आणि खाली ज्यानं संकर केला त्याची आद्याक्षरं. पेन्सिलनंच, कारण शाई पावसात उतरते.

माझ्या हाताला ते काम कधी बसलं नाही. मी चिमटा लावला की फूल चिरडायचं. चिंधूभाऊंच्या हाताखालच्या लोंबीत मात्र आठवड्यानं पाहावं तर कापलेल्या टरफलांतून हिरवट कोवळे तांदूळ डोकावत असायचे. तेव्हा दोनच आठवड्यांत आमची वाटणी ठरून गेली: ते संकर करायचे आणि मी लेबलं लिहायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती. लेबलाच्या तळाला माझी आद्याक्षरं जायची. माझ्याआधी जो होता त्याची जायची, त्याच्या आधी त्याच्या आधीच्याची. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नाही. रजिस्टरात दोन हंगाम सगळे संकर माझ्या नावावर चढले.

दुसऱ्या हंगामात मी व्यवस्थापनाच्या मुंबईतल्या या संस्थेचा अर्ज मागवला. का मागवला हे खरं सांगायचं तर त्याची सुरुवातही चिंधूभाऊंपासूनच आहे. एकदा गोदामात तयार बियाण्याची पोती रचताना ते म्हणाले होते, "मारुती, मी येवडं बी केलं. पर माज्या वाडीत आजून आजाच्याच येळचं पेरत्यात. हे कंदी येनार वर?" मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, बी तयार करणं आपलं काम, पोचवणं आपलं नाही. ते कुणाचं, हे त्यांनाही नीट सांगता येईना. ते माझ्या मनात राहिलं. बी करणारे आहेत, पेरणारे आहेत, मधलं काम कुणी शिकलेलंच नाही, असं वाटू लागलं. आणि तेव्हाच वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "धंदा शिकायला साळा? बाजारातला वानी कुटल्या साळंत गेलता?" वडील उठून गुरांना वैरण टाकायला गेले, ते जास्त जड गेलं. साहेबांनी अर्जावर शिफारस दिली, पण देताना म्हणाले, "दीडच वर्ष झालं तुम्हांला. इतक्या लवकर सोडता म्हणजे धरलं होतं काय, असं विचारतील. उत्तर तयार ठेवा." अर्जातही तोच प्रश्न होता. हातातलं क्षेत्र सोडून आपण या क्षेत्राकडे का वळता, ते एका पानात लिहा.

मी आठ दिवस लिहीत होतो. मला वाटायचं, भाताचं नाव काढलं तर हसतील. म्हणून मी लिहिलं की लहानपणापासून मला उद्योगधंद्यांची ओढ आहे आणि सध्याची नोकरी निव्वळ परिस्थितीमुळे पत्करली आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत छपरीत बसून तेच पान वाचत होतो. चिंधूभाऊ भाकरी खाता खाता म्हणाले, "मोठ्यानं वाच की. आमालाबी कळू दे." इंग्रजीतलं मराठीत करत करत मी सगळं वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी प्यायले, आणि विचारलं, "हा कुनाचा कागुद हाय?"

"माझाच की, भाऊ."

"तुजा? ह्यात भात कुटंय? दीड वर्स चिखलात उभा ऱ्हायलास त्यो कुटं गेला?" आणि मग अंगणातल्या, संकराच्या भाताच्या कुंड्यांकडे मान वळवून म्हणाले, "लेबलावर आदी आय लिवतोस ना? मंग बाप. तुज्या कागदाला आयच न्हाई. असलं बी कोन घील?"

मी ते पान फाडलं. दुसरं लिहिलं, ते एका बैठकीत झालं. त्यात आंबेमोहोर होता, छपरी होती, सहा परागपिशव्या होत्या, कापलेल्या टरफलातून दिसणारा तांदूळ होता. वाडीपर्यंत न पोचलेलं बी होतं, आणि म्हणून मी हे सोडून ते शिकू इच्छितो, असा शेवट होता. चांगलं झालं होतं. पण इंग्रजीत ते सगळं 'मी' म्हणून लिहिलं होतं. मी संकर केले, माझ्या हाताला हे काम बसलं, मला प्रश्न पडला. रजिस्टरात तसंच होतं, साहेबांच्या शिफारशीतही तसंच होतं. शिवाय अर्ज माझा, त्यात दुसरं कोण येणार... असं मी स्वतःला समजावलं. मात्र दुसऱ्या दिवशी चिंधूभाऊंना वाचून दाखवताना माझी जीभ अडली. तोंडातून आलं ते 'आम्ही'. आम्ही संकर केले. आम्हांला प्रश्न पडला. पहिल्या वाक्यात तसं निघालं, मग पुढं सगळीकडे तसंच वाचावं लागलं.

चिंधूभाऊंनी भाकरी खाली ठेवली. "आता हाय कागुद," ते म्हणाले. "आता आय आली."

टंकलेखनासाठी मी लोणावळ्याला गेलो तेव्हा ते बरोबर आले. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं आणि ते साहेबांना कळलं तर काम जाईल या धास्तीत ते होते. चष्म्याच्या दुकानदारानं त्यांच्या हातात छापील अक्षरांचा कागद दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला, टोपीच्या घडीतून जपून आणलेली भाताची एक कोवळी लोंबी काढली, नखानं फूल उघडलं आणि एकेक चष्मा लावून पाहू लागले. चौथ्या चष्म्याला म्हणाले, "सा दिसली. ह्योच द्या." रस्त्यात स्वतःशीच हसत होते. "वाचाया येत न्हाई आन चाळशी. वाडी हसून हसून मरंल."

टंकलेखनाचा वर्ग बाजारात एका जिन्यावर होता. पान तयार झाल्यावर तिथल्या बाईंनी ते माझ्याऐवजी त्यांच्या हातात दिलं. चष्मा पाहून त्यांना वाटलं असणार, हेच वडीलधारे, शिकलेले. "आजोबा, एकदा नजर घाला," बाई म्हणाल्या. चिंधूभाऊंनी पान दोन्ही हातांत धरलं, वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दाट पेरलंय." मग माझ्याकडे सरकून हळू आवाजात विचारलं, "ह्यात भात कुटंय, दाव." मी भाताच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. "आन आमी?"

मी काय करायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मी वाक्याच्या सुरुवातीच्या 'मी'वर बोट ठेवलं. इंग्रजीत ते एकच अक्षर, एक उभी रेघ. "हे आम्ही," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "ही काडी?"

"हो."

"दोगांत मिळून येकच काडी?" ते म्हणाले. "विंग्रजी लय चिकट हाय, बाबा." बाई हसल्या, तेही हसले, आणि मीही हसलो. मग ते पानावर बोट फिरवत तसल्या काड्या शोधू लागले. "हितं बी आमी. हितं बी. लय जागी रोवलंयस आमाला."

त्यांना कळलं होतं का? हे मी फार वेळा आठवून पाहिलं आहे. ते हसणं नुसतं हसणंच होतं की दुसरं काही, ते मला ठरवता येत नाही. चिंधूभाऊ टोमणा मारायचे तेव्हा समोरच्याला तो दोन दिवसांनी कळायचा. पण त्या दिवशी परतताना गाडीत ते खूश होते, एवढं खरं.

अर्ज स्वीकारला गेला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. माझ्या आधी आत गेलेले सगळे दांडगा अनुभव असलेले होते. मुलाखत घेणाऱ्यांनी मला त्या पानावरच धरलं. चिमटा कसा धरता, हात कापत नाही का, फूल चिरडलं तर काय करता. मी सगळं सांगितलं. मी इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो. चिमटा धरताना मनगट गुडघ्यावर टेकवायचं, पराग झटकताना श्वास धरायचा, हे सांगताना माझे हात आपोआप तसे झाले. एका वयस्क सदस्यांनी विचारलं, "इतकं हातात असताना सोडता कशाला?" मी वाडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. माझी निवड त्या पानामुळे झाली, असं मला इथं आल्यावर एका प्राध्यापकांनी आपण होऊन सांगितलं. असा अर्ज क्वचित येतो, ते म्हणाले. मी आभार मानले.

फार्म सोडला त्या दिवशी चिंधूभाऊ गादीवाफ्यांवर होते. आदल्या हंगामातले संकराचे दाणे एकेक करून मातीत ठेवत होते, आणि नवी लेबलं काड्यांना बांधून कोरीच ठेवली होती. मी सगळी लिहून दिली. "आता म्होरं कोन लिवनार?" त्यांनी विचारलं. नवीन कुणी येईल, मी म्हटलं. "येईल की. पेन्शिल धरनारा येतोच." एवढंच. मी वाकून नमस्कार केला तर मातीचे हात वर धरून म्हणाले, "आरं कापडं खराब व्हतील. जा. गाडी चुकंल."

त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही. दिवाळीत गावी गेलो होतो, वाडी आमच्या अंगणातून दिसते, पण वर गेलो नाही. उन्हाळ्यातही नाही. अभ्यास आहे असं घरी सांगितलं. इथं पहिलं वर्ष मी फार एकटेपणात काढलं. इंग्रजी बोलताना अडखळतो म्हणून गप्प राहायचो, आणि गप्प राहतो म्हणून कुणी बोलायचं नाही. अशा वेळी ज्या एका माणसाची आठवण यावी, त्याचीच यायची, आणि ती आली की मी पुस्तक उघडायचो.

कार्ड आल्यानंतरच्या रविवारी मी कामशेतला उतरलो आणि घरी न थांबता वाडीवर गेलो. चिंधूभाऊंची बायको, ठकूमावशी, दारात नाचणी पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, मला घोंगडी टाकून दिली. खोकला महिनाभर होता, ताप चढला, तालुक्याला न्यायचं ठरलं त्याच पहाटे गेले, असं तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, "तितं कळीवलंस का?"

"कुठं, मावशी?"

"तुज्या साळंत. ते गेल्याचं."

मला काही कळेना. तेव्हा ती समजावून सांगू लागली, जसं लहान मुलाला सांगावं तसं. "वाडीत समद्यास्नी सांगत व्हते न्हवं. मारुतीच्या कागदात मी बी हाय, मुंबैला गेलोय म्हनून. पोरं चिडवायची, काय चिंधूआबा, साळंत कंदी जानार? तर म्हनायचे, माजं समदं तितं फुडं गेलंय, मीच मागं ऱ्हायलोय."

मी म्हटलं, "मावशी, त्या कागदावर त्यांचं नाव नाही." हे म्हणायला मी वर आलो होतो. दोन वर्षांत मला ते म्हणता आलं नव्हतं.

"नाव नसंल," ती म्हणाली. "पर हायेत ना त्यात? तूच वाचून दावलंस, आमी म्हनून."

"हो."

"मंग कळवाया लागतं. मानूस गेल्यावर जितं जितं त्यो हाय तितं तितं कळवाया लागतं. तलाठ्याला कळीवलं, सोसायटीत कळीवलं. तेवडं येक तुज्याकडचं ऱ्हायलंय." आणि तिनं सूप परत हातात घेतलं.

मुंबईला परत आल्यावर दोन दिवस मी संस्थेच्या कार्यालयाच्या दारावरून नुसता जात-येत होतो. अर्जात खोटं लिहिलं असं ठरलं तर प्रवेश रद्द होतो, हे त्याच अर्जाच्या तळाशी छापलेलं होतं आणि त्याखाली माझी सही होती. माझं शेवटचं वर्ष आहे. वडिलांनी अजून मला काही विचारलेलं नाही, पण ते वाट पाहत आहेत हे मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मी आत गेलो. तिथले कारकून वयस्क आहेत, रत्नागिरीकडचे. त्यांना मी एक कागद दिला. त्यांनी आवक रजिस्टर ओढलं, माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "विषय काय घालू?"

"निधन कळवण्याबाबत."

त्यांनी टाक खाली ठेवला. "अरेरे. कोण गेलं? आपल्याकडचे होते?"

मी हो म्हटलं. मग म्हटलं, "आणि दुरुस्ती. दोन्ही त्याच कागदात आहे."

त्यांनी कागद उघडून वाचला. त्यात मी थोडंच लिहिलं होतं. चिंधूभाऊ कोण होते, ते कधी वारले, आणि खाली, माझ्या अर्जाच्या पानावर जिथं जिथं 'मी' आहे तिथं तिथं 'आम्ही' असे वाचावे. संकर मात्र सर्व त्यांचेच समजावेत. कारकुनांनी ते दोनदा वाचलं. "हे साहेबांपुढं ठेवावं लागेल," ते म्हणाले. "ठेवू ना? नाहीतर अजून परत घेऊन जाता येईल तुम्हांला. मी नोंद पुरी केलेली नाही."

ठेवा, मी म्हटलं. त्यांनी नोंद पुरी केली, माझी फाइल काढली आणि त्या टंकलिखित पानावर हा कागद ठेवून टाचणी लावली. अजून वरून काही उत्तर आलेलं नाही. येईल तसं येईल. त्याच दुपारी मी एक कार्ड आणलं आणि मास्तरांच्या नावे लिहिलं, सवड काढून वाडीवर जाऊन ठकूमावशींना वाचून दाखवावं म्हणून. त्यात लिहायला एकच ओळ होती. तिथं कळवलं आहे.